आईच्या दातांची चौकशी

आखाजीला माहेरी जाऊन मी परत आले, पिशवी खाली ठेवली आणि घोटभर पाणी प्यायले, की आमचे हे खुर्ची ओढून समोर बसायचे आणि विचारायचे, "आईंचे दात कसे आहेत?"

आई म्हणजे माझी आई, यांची सासू. तिचं गाव निफाडच्या पलीकडे, द्राक्षबागांच्या मध्ये. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या सणाला आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, आमरस-सांजोऱ्या खातात, आईशी भांडतात आणि रडत परत येतात. मीही तेच करायची. फरक एवढाच की परत आल्यावर माझी अशी तपासणी व्हायची. भाकरी चावून खातात की दुधात कुस्करून? गच्चीवर चढतात का? चढताना मध्ये थांबतात का? ऐकू नीट येतं?

पहिली एक-दोन वर्षं मी खूश होते, खोटं कशाला बोलू. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचे नवरे सासूचं नाव निघालं तरी टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि माझा नवरा सासूच्या दाढांपर्यंत पोचलेला! मी चार जणींना फुशारकी मारून सांगितलंही. नंतर मात्र मला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. ते सांगायचं तर आधी लॉटरीचं सांगावं लागेल.

हे तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. कंत्राटी. म्हणजे पेन्शन नाही, पाठीमागे काही नाही. घरी आले की आधी नाक शिंकरायचे, मग बोलायचे. दिवाळीत नाशिकरोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर बंपरचं एक तिकीट घ्यायचं एवढाच त्यांना शौक. मी दरवर्षी ओरडायची, की त्या पैशात उटणं, साबण, पणत्या सगळं आलं असतं. हे म्हणायचे, "साबणाने फेस होतो, नशीब नाही उघडत." आणि एका दिवाळीत उघडलं की हो!

पहिलं बक्षीस नव्हे हं. तेवढं आमच्या कपाळी कुठलं! खालचं कुठलंसं. टॅक्स कापून बारा लाखांच्या आसपास हातात आले. त्यात नाशकात एका खोलीचा फ्लॅटही धड मिळत नाही. पण बातमी पसरली तशी ती लोकांच्या तोंडी चांगली फुगली. लग्नात आम्हाला ओळख न दाखवणारे नातेवाईक पेढे घेऊन आले. कोणी म्हणे प्लॉट घ्या, कोणी म्हणे टेम्पोत भागीदारी करा. या सगळ्यांना यांचं एकच उत्तर, "हे पैसे जन्मभर पुरवायचेत." लोक हसायचे. बारा लाख, जन्मभर, नाशकात? मीसुद्धा हसले.

पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली आणि यांनी तोंड उघडलं, "समज, उद्या मी गेल्यावर तू एकटी..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. लक्ष्मी पहिल्यांदा घरात आलेली आणि यांना असलं अभद्र सुचतंय! "शुभ बोला की जरा! पुन्हा असलं काही तोंडातून काढलंत तर मी बँकेत येऊन तमाशा करीन," असं काय काय मी बोलले. माझा आवाज चढला की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. हे गप्प झाले. आणि त्यानंतर त्या विषयावर खरंच कधी बोलले नाहीत. माझा शब्द या माणसाने इतका मनावर घेतला अशी ही आयुष्यातली एकच वेळ, आणि नेमकी तीच नको होती.

पैशाची सोय अशी लावली. सगळे पैसे एफडीत. दर महिन्याला त्यातून ठरावीक रक्कम काढायची आणि पिठाच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. किराणा, गॅस, औषधपाणी त्यातून. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, त्यात भाजी-दूध निघायचं. दोन वर्षांत यांचं एकलहऱ्याचं कंत्राट संपलं. मग हे एका मित्राच्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारींचं वायंडिंग करायला लागले. काम आलं तर पैसे, नाही तर चहा पिऊन परत. घरभाडं त्यातून. तो डबा होता म्हणून आमची चूल कधी थंड पडली नाही. कधी कधी त्यात ठरलेल्या रकमेपेक्षा दोन-चार नोटा जास्त निघायच्या, चुरगळलेल्या, मोटारीच्या वार्निशचा वास येणाऱ्या. मला वाटायचं, खिशात राहिल्या असतील, टाकल्या असतील.

आता गंमत ऐका. ही डब्यातली रक्कम दरवर्षी बदलायची, आणि बदलायची ती आखाजीनंतरच. मी माहेरून आले, चौकशी झाली, की पुढच्या महिन्यापासून डबा थोडा हलका. बाहेर तेल महागलं, डाळ महागली, सिलिंडरचं तर विचारूच नका, आणि आमचा डबा आपला वर्षागणिक रोडावतोय! मी विचारलं, "अहो, हा कुठला उलटा हिशेब?"

"आहे एक."

"मला कळेल असा?"

"कळून काय करतेस?"

असं उत्तर मला देऊ नये. माझा स्वभाव मुळातच चौकस. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून आत डाळ आहे की बटाटे ते मी सांगते. मी मागे लागले. बँकेत जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारलं, की बाई, दर आखाजीला व्याज कमी होतं का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग वाटलं, हे चोरून तिकिटं घेतायत. खिसे तपासले, टपरीवाल्याला विचारलं. तो उलट तक्रार करायला लागला, की साहेबांनी आमच्याकडे पाठच फिरवली. मग वाटलं, कुठल्या ज्योतिष्याने यांना आयुष्य सांगितलं असणार आणि त्यावर बारा लाखांचे तुकडे पाडले असणार. ज्योतिष्याने कुठलं वर्ष सांगितलं असेल? डब्यातल्या पैशांवरून ते काढता येईल का? भाजी चिरताना मी तेच करत बसायची. शेवटी न राहवून विचारलं तर हे हसले. "माझी पत्रिका बघून काय करायचंय?" म्हणाले.

मग ते चिकुनगुन्याचं वर्ष आलं. त्या आखाजीला आईला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. हात वर जाईनात. भाकरी चावायची ताकद नाही म्हणून दुधात कालवून चमच्याने भरवत होते तिला. घरी येऊन मी यांच्यापुढे रडले, सगळं सांगितलं. त्या आठवड्यात यांच्या ताटातली भाकरी तशीच उरायची. आणि पुढच्या महिन्यात डबा उघडते तो काय, पैसे वाढलेले! चांगले वाढलेले.

पुढच्या आखाजीला आई ठणठणीत. गच्चीवर कुरडया घालत होती आणि भावजयीला शिव्याही. मला म्हणाली, "येवढ्यात नाय मरत म्या. आंबे लय गोड हायेत औंदा." मी हसत हसत हे यांना सांगितलं. यांचा चेहरा खुलला. आणि डबा पुन्हा खाली!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जमीन!

आमच्याकडे बहिणी वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात. हक्कसोड म्हणतात त्याला. तालुक्याच्या कचेरीत जायचं, सही करायची, भावाने साडी घ्यायची, विषय संपला. माझी सही राहिली होती, कारण आईने ठणकावून सांगितलेलं, "म्या हाय तवर कोनी सही करायची नाय." म्हणजे माझ्या हिश्शाचं जे काय व्हायचं ते आईच्या माघारी. आता जुळवा. आई आजारी पडली, की यांना वाटतं जमीन आली, म्हणून हात सैल. आई बरी झाली, की थांबावं लागणार, म्हणून हात आखडता. दातांची चौकशी, गच्चीची चौकशी, सगळं अगदी चपखल बसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे दुकानातून आले, मी चहाचा कप हातात दिला आणि तिथेच तोंडावर म्हटलं, "माझ्या आईच्या मरणावर डोळा ठेवून बसलायत तुम्ही."

यांनी कप खाली ठेवला. "असं वाटतं तुला?"

"मग दात कशाला मोजता तिचे? घोडी विकत घ्यायचीय?"

हे काहीतरी बोलणार होते. मग पायात चपला अडकवल्या आणि बाहेर गेले. तासाभराने आले ते कोथिंबिरीची जुडी घेऊन. कोणी सांगितली होती कोथिंबीर? जुडी ओट्यावर ठेवली आणि पेपर वाचत बसले. खुलासा नाही, चिडणं नाही, काही नाही. खरं असणार म्हणूनच गप्प आहेत, असं मी धरून चालले.

त्यानंतर आमच्यात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं उरलं. आम्हाला मूल नाही. लोक त्यावर बोलायचे थांबले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण असल्या घरात दोन माणसांचा एकमेकांवरचा भरवसा, एवढीच काय ती इस्टेट असते. मला डब्यात पैसे कमी का, याचं एवढं काही नव्हतं. मी मसुरीवर दिवस काढीन. पण ज्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं तो माणूस कसा आहे, हेच मला कळेनासं झालं होतं. त्याने माझी झोप उडाली.

आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आई पडली. वाळवण उतरवताना गच्चीच्या पायरीवरून पाय घसरला, खुबा मोडला. भावाने तिला गाडीत घालून नाशकात आणलं, खाजगी दवाखान्यात. मी शिवणाची सुई तशीच कापडात टोचून धावले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर पुन्हा चालतील. वय आहे, धोका आहे, खर्चही आहे. भाऊ माझा वाईट नाही, पण अर्धी बाग अजून उतरायची होती आणि उतरलेल्या मालाचे व्यापाऱ्याकडून पैसे यायचे होते. वर गावातल्या शहाण्यांनी त्याचे कान भरलेले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, या वयात चिरफाड करायची का? घरी झोपवून ठेवू. आम्ही करू की तिचं सगळं."

घरी झोपवून ठेवू म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या अशा झोपल्या त्या उठल्याच नाहीत. आईला सगळं ऐकू येत होतं. ती कॉटवरून ओरडली, "मला हुबी करा रे! पडून नाय मरायचं मला."

तेवढ्यात हे आले. दुकानातून तसेच, हाताला वार्निश. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता कळेल. आता हा माणूस काय बोलतो त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य आहे. भावाच्या बाजूने एक शब्द बोलले असते तरी पुरे होता.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आईला तपासत होत्या. तोंड उघडायला लावून बॅटरीने आत बघितलं. "आजी, दात सगळे तुमचेच?"

"मग कोनाचे आसतील?" आई.

बाई हसल्या. म्हणाल्या, "बाकी तब्येत एकदम टणक आहे. हा पाय उभा राहिला तर आजी चांगली दहा-पंधरा वर्षं काढतील."

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. हिशेब! तिथे, आईच्या कॉटपाशी, हिशेब! मला वाटलं सगळ्यांदेखत दोन शब्द सुनवावेत. पण अंगठा थांबला आणि हे डॉक्टरांना म्हणाले, "करा ऑपरेशन." मग माझ्याकडे वळून, "मी बँकेत जाऊन येतो." भाऊ म्हणाला, "दाजी, बागेचे पैसे आले की..." हे म्हणाले, "ते नंतर बघू," आणि जिना उतरले पण.

त्या दिवशी यांनी लॉटरीची एक एफडी मोडली.

आई उभी राहिली. वॉकर धरून, दवाखान्यातल्या नर्सला, आयाला, वॉकरलाही नावं ठेवत उभी राहिली. मी हसले, रडले, सगळं झालं. पण घरी आल्यावर माझं डोकं चालेना. जमीन हवी असलेला माणूस म्हातारीला उभी कशाला करेल? तीही स्वतःच्या पैशाने?

रविवार होता. हे दुपारी खिडकीशी बसून मिक्सर उघडून काहीतरी खुडबूड करत होते. मी समोर फतकल मारून बसले. "आज सांगितल्याशिवाय उठू देणार नाही. जमीन हवी होती ना तुम्हाला?"

"जमिनीचं मी काय करणार गं? मला द्राक्षाचा वेल आणि दोडक्याचा वेल यातला फरक कळत नाही."

"मग दात?"

"रागावशील."

"रागावणारच आहे. बोला."

"अभद्र आहे."

"बोला!"

हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून, माझ्याकडे न बघता हे बोलले. "तू आईंवर गेलीयस. तोंडवळा तोच, दात तेच, भांडायची तऱ्हा तीच. मी म्हटलं, आयुष्यही तेवढंच असणार. आई जेवढं जगतील तेवढं तू जगशील. तेवढी वर्षं पैसे पुरायला हवेत. दर आखाजीला तू सांगायचीस, आई ठणठणीत आहेत. की मी पुढे आणखी वर्षं धरायचो. मग महिन्याचे पैसे कमी व्हायचे."

"आणि आजारी होती तेव्हा वाढवलेत ते?"

"तेव्हा वर्षं कमी भरली." यांनी मिक्सरचा एक स्क्रू उचलला. "तेव्हा मला जेवण जात नव्हतं, ते तू बघितलंस की."

बघितलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणारी मी, ताटात उरलेली भाकरी रोज डब्यात भरून ठेवत होते आणि पैसे वाढल्याचं तेवढं मनात धरून बसले.

"सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले. "मी काय काय बोलले तुम्हाला! तोंड शिवलं होतं का?"

"तूच म्हणालीस, असलं पुन्हा काढलंत तर बँकेत येऊन तमाशा करीन."

मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "आता काय? एफडी मोडलीत, पैसे कमी झाले. आईला उभी केलीत, वर्षं वाढली. आता कसा बसायचा तुमचा हिशेब?"

"नाही बसत." आणि हे चक्क हसले. "दवाखान्यातच करून बघितला. काही केल्या बसत नाही. पण तुझी दहा-पंधरा वर्षं वाढली ना!"

तेव्हा मला ते सुचलं. इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही कोण जाणे. "आणि तुमची? तुमची किती वर्षं धरलीत?"

"माझी कुठे? मला धरलंच नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडे पुरुष साठीच्या पुढे जात नाहीत. बाबा बघ, दोन्ही काका बघ. आहे तोवर दुकानात जातोय. खाण्यापुरतं डब्यात टाकतो की माझं मी. लॉटरी तुझी आहे."

त्या वार्निशच्या वासाच्या नोटा. हा माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या भाकरीचे पैसे भरत होता आणि मी त्या नोटा झटकून, सरळ करून किराण्याला देत होते. मला जे रडू फुटलं ते आवरेना. आणि रडता रडता मी भांडत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. "म्हणजे म्हातारपणी मी एकटीने बसून वरण-भात खायचा? तुमच्या लॉटरीचा? घास उतरेल माझ्या घशाखाली? काय करू मी त्या वर्षांचं? आधी स्वतःला धरा. आत्ताच्या आत्ता धरा, माझ्यासमोर!"

"किती धरू?"

"माझ्याएवढीच. एक वर्ष कमी चालणार नाही."

यांचा अंगठा पेरांवरून फिरला. परत फिरला. "अगं, मग महिन्याला माणशी फारच थोडे बसतात."

"बसू देत. मी दोन ब्लाउज जास्त शिवीन."

आता डब्यात पैसे बसतात ते असे, की उघडताना मलाच हसू येतं. तूरडाळ सणाला, एरवी मसूर. यांची साठी झाली. त्या दिवशी मी काही न बोलता शिरा केला आणि दिवसभर यांच्याकडे बघत राहिले. आजही बघते. जिना चढताना मध्ये थांबतात का, भाकरी चावतात की कालवतात, हाक मारली तर पहिल्यांदा ऐकू येते की दुसऱ्यांदा. यंदा आखाजीला आईकडे गेले तर ती वॉकर आपटत अंगणापर्यंत आली. तिला बघून आले आणि घरी येऊन, पाणीसुद्धा न पिता, यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. म्हटलं, "आ करा."

यांनी आ केला. मी वाकून बघायला लागले. डावीकडची एक दाढ हलते की काय, असं वाटत होतं. तेवढ्यात यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "काय गं, माझ्या जमिनीवर डोळा आहे का तुझा?"

जमीन कुठली, कुंडीतल्या तुळशीची माती तेवढी यांच्या नावावर. मी म्हटलं, "बडबडू नका. नीट आ करा, मला बघू दे."